पक्ष, साध्य, रचना, सिद्धता

दहावीच्या भूमितीच्या वहीत प्रमेय लिहिण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी विधान, त्याखाली पेन्सिलीने काढलेली आकृती, मग पक्ष, साध्य, लागली तर रचना आणि शेवटी सिद्धता. सिद्धतेतल्या ओळीपुढे टिंबे देऊन कंसात कारण लिहायचे: ‘सामाईक बाजू’, ‘विरुद्ध कोन’, ‘बाकोबा कसोटी’. ही शिस्त परीक्षा मंडळाने लावली, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात इसवी सनाच्या पाचव्या शतकात प्रोक्लस या ग्रीक भाष्यकाराने युक्लिडच्या प्रमेयांचे सहा भाग सांगितले, आणि शाळेतला क्रम जवळजवळ तोच आहे.

युक्लिडचा १३ खंडांचा ग्रंथ इ.स.पू. ३०० च्या सुमाराचा. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथाने तो अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. पण तो पंडितांपुरताच राहिला, शाळांशी त्याचा संबंध आला नाही. मराठीत शाळेसाठी भूमिती आली १८२० च्या दशकात. लष्करी अभियंता असलेल्या जॉर्ज जर्व्हिस याने शास्त्र्यांच्या मदतीने इंग्रजी पुस्तकांवरून गणिताची मराठी पुस्तके तयार केली. कंपनी सरकारला मोजणीची आणि बांधकामाची कामे जाणणारी माणसे हवी होती, त्यामुळे या भूमितीचा रोख व्यवहाराकडे होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर इंग्रजी शाळांतला युक्लिड इथे पक्का झाला. त्या तासाचे नियम कडक होते. प्रत्येक प्रमेयाला क्रमांक. पायथागोरसचे प्रमेय म्हणजे पहिल्या खंडातले ४७ वे. पुढच्या क्रमांकाचा आधार घेऊन मागचे सिद्ध करणे हा सरळ दोष. पट्टीला खुणा नाहीत, कोनमापक तर नाहीच. हाती फक्त सरळ कड आणि कंपास. समद्विभुज त्रिकोणाच्या पाचव्या प्रमेयाला इंग्रज विद्यार्थी ‘गाढवांचा पूल’ म्हणत, कारण कच्चा विद्यार्थी तिथेच अडे. यावर सोपा उपाय घोकंपट्टीचा. आकृतीची अक्षरे बदलली की पाठ केलेली सिद्धता कोलमडे, म्हणून पुस्तकातलीच अक्षरे जशीच्या तशी वापरली जात.

या पद्धतीविरुद्धची तक्रार इंग्लंडातच उठली. भूमितीच्या अध्यापनात सुधारणा व्हावी म्हणून तिथल्या शिक्षकांनी १८७१ मध्ये संघटना काढली. १९०१ मध्ये जॉन पेरी या अभियंत्याने ग्लासगोच्या भाषणात मोजून, कापून, आलेख काढून शिकवण्याचा आग्रह धरला. १९०३ मध्ये केंब्रिजने युक्लिडच्याच क्रमाचा हट्ट सोडला. हॉल आणि स्टीव्हन्स यांचे नव्या वळणाचे पुस्तक त्याच सुमारास निघाले आणि हिंदुस्थानातल्या शाळांत दीर्घकाळ चालले.

विद्यार्थ्याच्या दप्तरात कंपासपेटी आली ती या बदलामुळे: कंपास, विभाजक, कोनमापक, दोन गुण्ये आणि खुणांची पट्टी. तरी युक्लिड पुरता गेला नाही. रचनेच्या प्रश्नात आधी कच्ची आकृती काढून तीत मापे लिहायची, मग शेजारी पक्की. आणि कंपासाने मारलेले कंस खोडरबराने पुसायचे नाहीत. आकृती कितीही देखणी असो, दुभाजक कंसांवरून काढला की कोनमापकाने अंदाजे ओढला, हे तपासनिसाला त्या खुणांवरूनच कळते. नीटनेटकेपणापायी खुणा पुसणारी हुशार मुले यात नेहमी फसतात.

महाराष्ट्रात आज दहावीची भूमिती ‘गणित भाग २’ म्हणून येते: ४० गुण, दोन तास. प्रश्नपत्रिकेत बरेचदा सिद्धता आयती छापलेली असते आणि मधल्या रिकाम्या चौकटी भरून कृती पूर्ण करायची असते. पाठांतराचा भार यामुळे हलका झाला, हे खरे. मात्र पुढची ओळ कोणती, हे ठरवण्याचे अवघड काम चौकटी आखणाऱ्यानेच उरकलेले असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला कंसातले कारण तेवढे उरते.