झोपडीबाहेरचे कुत्रे

आमच्या हिंगोलीकडे रात्री कुत्रे रडू लागले की वडीलधारी माणसे अंथरुणातून उठून त्याला हाकलतात. घरावर काही संकट येणार, ही समजूत! पण याच मुलखातील नरसीचे नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. बोलपटाच्या आरंभकाळात कुत्र्याच्या नशिबी असेच दोन अनुभव आले. एकीकडे त्याला हाकलले, दुसरीकडे त्याचे रडणे ऐकले.

हाकलले ते अमेरिकेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर ली डंकन या सैनिकाला सापडलेले पिल्लू पुढे 'रिन-टिन-टिन' म्हणून जगभर गाजले. मूकपटांत त्याने वॉर्नर ब्रदर्सला भरघोस पैसा मिळवून दिला. मग बोलपट आला. जो बोलत नाही, त्याचे बोलपटात काय काम? १९२९ च्या अखेरीस कंपनीने या नटवर्याला निरोप दिला. त्याच वर्षीचा त्याचा 'फ्रोझन रिव्हर' हा अर्धबोलका चित्रपट आज हरवला आहे.

ऐकले ते आपल्या कोल्हापुरात! १९२५ साली बाबूराव पेंटरांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. खोट्या कागदाने जमीन गमावून शहरात गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यात शांताराम वणकुद्रे यांनी, म्हणजे पुढच्या व्ही. शांताराम यांनी, उभा केला. १९३६ साली बाबूरावांनी तीच कथा बोलपटात आणली. त्यातले एक दृश्य जे. बी. एच. वाडिया आयुष्यभर विसरले नाहीत. काळोखातली एक उदास झोपडी, दुरून घेतलेली. आणि आवाज एवढाच, एका कुत्र्याच्या रडण्याचा.

हे वाडिया म्हणजे नादियाच्या साहसपटांचे निर्माते. 'पंजाब का बेटा' या घोड्याला त्यांनी पडद्यावर नट म्हणून मिरवले. मुके प्राणी प्रेक्षकाला कसे धरून ठेवतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून त्यांची साक्ष मला मोलाची वाटते. शेतकऱ्याच्या तोंडी लांबलचक विलाप घातला असता, तर तो आणखी एक संवाद ठरला असता. जमीन कागदाने जाते; कागदापुढे अडाण्याचे शब्द चालत नाहीत. तेथे त्याच्या दारचे कुत्रेच त्याच्या वतीने बोलले!

मूकपट 'सावकारी पाश' आज उरलेला नाही. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई, आणि जुनी रिळे चांदीसाठी वितळवलीही जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर कितीतरी चित्रे गेली होती.

तेव्हा, वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एखाद्या जुन्या बोलपटाची गाण्यांची पुस्तिका सापडली, तर रद्दीच्या तराजूत टाकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, लहानपणी काय पाहिले, काय ऐकले. एका माणसाने आठवण जपली, म्हणून ते कुत्रे आपल्याला अजून ऐकू येते.