लक्ष मोजण्याची शंभर वर्षे

१/८
लष्करी सेवेत असताना हान्स बर्गर हा जर्मन तरुण घोड्यावरून पडला आणि तोफगाडीच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून विचारपूस करणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला अचानक धास्ती वाटली होती. मनाची शक्ती दूरवर पोहोचते, अशी त्याची समजूत झाली. समजूत चुकीची होती. पण तिच्या मागे जाताना भलतेच काही हाती लागले.

२/८
येना येथे मनोविकारतज्ज्ञ झालेल्या बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूची विद्युत्स्पंदने प्रथम नोंदवली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. डोळे मिटून शांत बसले की सेकंदाला सुमारे १० लाटा उमटत. डोळे उघडताच, किंवा मनात गणित मांडताच, त्या मावळत.

३/८
अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा शंका फिटली.

४/८
जे मोजता येते, ते शिकवताही येईल का? शिकागोत जो कामिया यांनी माणसांना ‘आत्ता ही लय आहे की नाही?’ असे विचारून उत्तर चूक की बरोबर, एवढेच सांगितले. सरावाने लोक अचूक ओळखू लागले.

५/८
लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन यांनी विशिष्ट लय उमटताच मांजरांना खाऊ दिला. मांजरे ती लय वाढवायला शिकली. १९७६ मध्ये जोएल लुबार यांनी हीच पद्धत अतिचंचल मुलावर वापरली.

६/८
दरम्यान १९७३ मध्ये जाक विदाल यांनी मेंदू आणि संगणक यांच्यातील थेट संवादाची कल्पना मांडली. पुढे पडद्यावरचे खेळ आले : लय साधली, तरच खेळ पुढे सरकतो.

७/८
खरी कसोटी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अवधानदोष असलेल्या १४४ मुलांपैकी काहींना खरे प्रशिक्षण मिळाले, काहींना आधीच मुद्रित केलेल्या संकेतांवर आधारलेले लुटुपुटूचे. दोन्ही गट सुधारले. त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

८/८
तरीही २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील एका शाळेत मुलांच्या कपाळी लक्ष मोजणारे पट्टे बांधले गेले होते. टीका झाल्यावर ते थांबवावे लागले. उत्तर बर्गर यांच्या पहिल्या नोंदींतच होते : गणित मांडले काय, नुसते डोळे उघडले काय, लाट मावळतेच. यंत्राला मेंदूची जाग कळते. ते मूल फळ्याकडे पाहते आहे की खिडकीबाहेरच्या पाखराकडे, हे मात्र शिक्षकानेच जवळ जाऊन विचारायचे असते.