गिळण्याची दुर्बीण तपासणी
पक्षाघात, कंपवात किंवा घशाच्या कर्करोगानंतर घास श्वासनलिकेत शिरतो का, हे पाहण्याची तपासणी. सुझन लँगमोर व सहकाऱ्यांनी ती १९८८ मध्ये मांडली. रुग्ण जागा, खुर्चीत ताठ बसलेला असतो. सुमारे ३ ते ४ मिमी जाडीची लवचीक दुर्बीण-नळी नाकातून घशापर्यंत सरकवतात. नाक चुरचुरते, डोळ्यांत पाणी येते. मग हिरवा किंवा निळा रंग मिसळलेले पाणी, दही, बिस्कीट गिळायला देतात. गिळताना पडद्यावरचे चित्र क्षणभर पांढरे होते; त्यानंतर स्वरतंतूंखाली रंग दिसला, तर धोका. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात उतरू शकते, म्हणून ही तपासणी मोलाची. मोहर्लीसारख्या गावातील रुग्णाने चंद्रपूर किंवा नागपूरला निघण्यापूर्वी तेथे ही सोय आहे का, हे विचारावे आणि नेहमी अडकणारा पदार्थ तपासणीसाठी डब्यात न्यावा.