परदेशी पाहुणा येरवड्यात काय बघायला येतो? डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात शिरूर, बारामती, जुन्नरची माती

पुणे : पुण्यात येणारा परदेशी पाहुणा शनिवारवाडा बघतो, आगाखान पॅलेस बघतो, केळकर संग्रहालयात एक दुपार घालवतो. पण त्यातले काही जण, ज्यांना जुन्या काळाची खरी ओढ असते, ते रिक्षावाल्याला ‘डेक्कन कॉलेज’ सांगतात. आणि इथंच पहिला घोळ होतो. रिक्षा थेट डेक्कन जिमखान्यावर जाऊन उभी राहते. डेक्कन कॉलेज तिकडं नाही. ते नदीच्या अलीकडं, येरवड्यात, विश्रांतवाडीकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. हा घोळ परदेशी माणसाचाच होतो असं नाही, बारामतीहून आलेल्याचाही होतो.

या संस्थेच्या आवारात पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. इथं सोन्याचे मुकुट नाहीत, हिरे नाहीत. खापरं आहेत, दगडाची हत्यारं आहेत, मणी आहेत, हाडं आहेत. तरीही लोक विमानानं येऊन ते बघतात. त्यातला मोठा वाटा आपल्याच तालुक्यांच्या मातीतून निघालेला आहे आणि त्या तालुक्यांतली बहुतेक माणसं तिथं कधी गेलेली नाहीत.

कॉलेज नेमकं काय आहे?

पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, 1821 मध्ये, विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ या नावानं संस्कृत पाठशाळा निघाली. तीच पुढं पूना कॉलेज झाली आणि 1864 पासून डेक्कन कॉलेज. येरवड्याची दगडी इमारत 1868 ची. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा त्याला मोठा हातभार होता. लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर इथंच शिकले. 1934 मध्ये सरकारनं कॉलेज बंद केलं, ते 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकलिया इथं पुरातत्त्व शिकवायला आले. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्याही मागं हजार-दीड हजार वर्षं नेण्याचं श्रेय सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जातं. नाशिक, नेवासा, संगमनेर तालुक्यातलं जोर्वे अशी एकेक ठिकाणं त्यांनी खणली. जोर्वे या गावाचं नाव तर एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. जगातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ‘जोर्वे संस्कृती’ असाच शब्द आहे.

आवारात मराठा इतिहासाचं वेगळं संग्रहालयही आहे. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेला साताऱ्याचा संग्रह 1939 मध्ये इथं आला. नाना फडणवीसांचं मेणवली दफ्तर त्यातच आहे.

घोडनदीकाठचं गाव, 3600 वर्षांपूर्वीचं

शिरूर तालुक्यातलं इनामगाव घोड नदीच्या काठावर आहे. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं बारा हंगाम खणकाम केलं. सांकलियांबरोबर म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. भारतात एखादं जुनं खेडं इतक्या निगुतीनं, एवढ्या मोठ्या क्षेत्रावर खणल्याची उदाहरणं फार थोडी. शंभरावर घरं सापडली. त्यामुळं नुसतं ‘इथं माणसं राहात होती’ एवढं न कळता चूल कुठं होती, धान्याची बळद कुठं होती, कुंभाराची भट्टी कुठं होती, हेही कळलं.

ही माणसं इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास तिथं आली आणि 700 च्या सुमारापर्यंत राहिली. म्हणजे जवळपास नऊशे वर्षं. सातू पिकवत, गहू, मसूर, हुलगा पिकवत. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळत, हरणं मारत. लोखंड अजून आलेलं नव्हतं. गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती आणि थोडंफार तांबं, एवढ्यावर संसार. मात्र पाण्याची अक्कल पुरेपूर होती. नदीचं पुराचं पाणी वळवायला त्यांनी शेकडो फूट लांबीचा पाट काढला होता आणि त्याला लागून दगडमातीचा बांध घातला होता. घोड नदीवर पाटपाण्याची गोष्ट चिंचणीच्या धरणापासून सुरू होते असं कुणी म्हणत असेल, तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

त्यांची भांडी ओळखायला सोपी आहेत. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, तांबूस, वर काळ्या रंगानं आडव्यातिडव्या रेघांची नक्षी. लांब नळीची तोटी असलेला चंबू बघितला की जोर्वे म्हणावं. पोटाशी कंगोरा असलेला वाडगा ही दुसरी खूण.

खरं थबकायला होतं ते दफनांपाशी. लहान मूल गेलं, की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, मूल आत, आणि तो खड्डा घराच्याच जमिनीखाली. आई ज्या जमिनीवर झोपायची तिच्या खाली. मोठ्या माणसाला उत्तरेकडं डोकं करून निजवत आणि घोट्याजवळ पाय तोडत. मेलेल्यानं उठून जाऊ नये, घरापाशीच राहावं, अशी समजूत असावी, असं संशोधक म्हणतात. लेखी पुरावा अर्थातच नाही, लिहिणं तेव्हा इथं नव्हतंच.

एक दफन मात्र साऱ्यांहून वेगळं निघालं. पाच खोल्यांच्या मोठ्या घरात, चार पायांचा, पोट सुटलेल्या माणसासारखा दिसणारा कच्च्या मातीचा रांजण, आणि आत बसलेल्या स्थितीत एक पुरुष. त्याचे पाय तोडलेले नव्हते. शेजारीच धान्याचं कोठार होतं. हा गावचा प्रमुख असावा, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. पाटलाचा वाडा आणि शेजारी गावची बळद, हे चित्र शिरूरकरांना समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी एक वस्तू देवीची. झाकण असलेल्या मातीच्या पेटीत एक मातीची बाई, आणि पेटीच्या वर आणखी एक बाई, जिला मुद्दाम डोकं केलेलंच नाही, सोबत एक बैल. काडी खुपसून ही बिनडोक्याची बाई बैलाच्या पाठीवर बसवता येते.

मग गाव उठलं का?

ही चर्चा अजून चालू आहे आणि परदेशी अभ्यासक पुण्याला येतात ते यासाठीच. इसवी सनापूर्वी 1000 नंतरच्या थरात चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या दिसू लागतात. भांडी साधी होतात. शेती मागं पडून शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढते. पाऊस कमी झाला, शेती हटली, असं ढवळीकरांनी मांडलं.

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स यांनी डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांच्यासोबत इनामगावच्या माणसांचे दात आणि हाडं तपासली. पुढं ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांच्या सांगाड्यांवर 2011 मध्ये पुस्तकच लिहिलं. शेवटच्या काळात मुलांची वाढ खुंटत होती, असं त्या हाडांवरून दिसतं. पण सगळं खापर एकट्या दुष्काळावर फोडण्याला त्यांनी हरकत घेतली. जमीन आणि पाणी वापरायच्या पद्धतीचाही हिशेब त्यात धरला पाहिजे, असा त्यांचा रोख. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला हा वाद पुस्तकी वाटणार नाही. टँकर पावसामुळं लागतो की उसामुळं, हे भांडण आजही पारावर चालतंच.

फक्त शिरूर नाही

बारामती तालुक्यात कऱ्हा आणि नीरेच्या संगमावरच्या सोनगावातही ताम्रपाषाण काळातली वस्ती खणून काढलेली आहे. घोड नदीवरचं चांडोली 1960 मध्ये खणलं, तिथं तांब्याच्या वस्तू मिळाल्या. थेऊरला मृतांसाठी रचलेली दगडांची वर्तुळं. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला तर हिशेब हजारांत न राहता लाखांत जातो. तिथं नदीच्या थरात ज्वालामुखीची राख आहे आणि सोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. ती राख किती जुनी, यावर भूगर्भशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

आणि परदेशी पाहुणा आपल्या जिल्ह्यात नवा नाही. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर ‘यवन’ म्हणजे ग्रीक वळणाच्या परदेशी दात्यांची नावं कोरलेली आहेत, जुन्नरच्या लेण्यांतही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ही माणसं नाणेघाट-बोरघाटाच्या वाटेनं वर आली आणि पदरचे पैसे खर्चून खांब देऊन गेली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची लहानशी मूर्ती सापडली, ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी कुण्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला असणार.

जायचं कसं, बघायचं कसं

शिरूर, रांजणगाव, वाघोलीकडून येणाऱ्यांना शिवाजीनगरपर्यंत जायची गरज नाही. नगर रस्त्यानं येणारी गाडी येरवड्यातूनच पुढं जाते. गुंजन चौकाच्या आसपास उतरून रिक्षा करावी आणि ‘येरवड्याचं डेक्कन कॉलेज, विश्रांतवाडी रोड’ असं स्पष्ट सांगावं. मेट्रोनं येणाऱ्यांसाठी येरवडा स्टेशन आहे, तिथूनही रिक्षाच. ही चालती संशोधन संस्था आहे, नुसतं पर्यटनस्थळ नाही. त्यामुळं निघण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टी विचारून घ्यावी. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांनी आधी पत्र द्यावं. फोटो काढण्याआधी विचारावं.

परदेशी माणसाचं एक बघण्यासारखं असतं. तो एका कपाटापाशी वीस मिनिटं उभा राहतो. आपल्याकडं दहा मिनिटांत संग्रहालय ‘करून’ बाहेर चहाला यायची सवय आहे. इथं तसं केलं तर सगळी मडकी सारखीच दिसतील. त्यापेक्षा फक्त इनामगाव बघा, बाकी पुढच्या खेपेला.

तिकिटाबद्दल अनेकदा विचारणा होते. आगाखान पॅलेस, कार्ला, भाजे ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची ठिकाणं आहेत, तिथं परदेशी पर्यटकाला भारतीयाच्या कित्येक पट तिकीट पडतं. सार्क देशांतल्या पाहुण्यांना मात्र भारतीय दर लागतो. कृषी पर्यटन केंद्रात उतरलेल्या पाहुण्याला हे आधी सांगून ठेवलं तर खिडकीवर वाद होत नाहीत.

पाहुण्यानं ‘जुनं नाणं विकता का’ विचारलं तर

विकू नये. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, भांडी, शिल्पं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांना ही मुदत 75 वर्षं आहे. बाहेर नेणाऱ्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. पाहुणा विमानतळावर अडकतो आणि मग चौकशी मागं मागं येत विकणाऱ्याच्या दारात पोचते.

शेतात नांगरताना, विहीर खणताना काही सापडलं तर काय? याला 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जमिनीत सापडली, तर काय सापडलं, कुठं, कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करावी लागते किंवा जामीन द्यावा लागतो. तलाठ्यामार्फत तहसीलला अर्ज देऊन पोच घ्यावी. लपवलं तर हक्क जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लोक घाबरतात ते ‘सरकार सगळं नेतं’ म्हणून. कायद्यात तसं नाही. खरा मालक पुढं आला नाही, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू ठेवायची असेल तर धातूची वा ऐवजाची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश जादा देण्याची तरतूद आहे.

खापराला मात्र बाजारात किंमत नसते आणि म्हणूनच ते सगळ्यात आधी जातं. नदीकाठच्या जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडं ‘पांढरी’ म्हणतात. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, पडक्या भिंती मिसळून झालेली ती माती. ती खत म्हणून, घराच्या धाब्यासाठी, भरावासाठी गाडीवारी उचलली जाते. पूर्वी बैलगाडी होती, आता जेसीबी आहे. इनामगावला तीच पांढरी थोडी थोडी, ब्रशनं साफ करत, प्रत्येक थराची नोंद ठेवत उकलली म्हणून मडक्यातलं मूल सापडलं. बकेटच्या एका फटक्यात ती दोन मडकी नुसती ठिकऱ्या होऊन ट्रॉलीत पडली असती. गावाच्या पांढरीत नक्षीचं खापर, मणी किंवा हाडं दिसली तर उकरू नये. जागेचा फोटो काढून ठेवावा आणि तहसील कार्यालयाला किंवा थेट डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवावं.