ख्रिस्ती मंडळीची वाढ : संख्या आणि सत्त्व

धर्मसमाजाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याच्या हाती पहिल्याने लागते ती नोंदवही. ख्रिस्ती मंडळ्यांपुरते बोलावयाचे तर बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदी जेथे नीट ठेवल्या आहेत, तेथे इतिहासकाराचे निम्मे काम झाले असे समजावे. उरलेले निम्मे मात्र कठीण आहे. माणूस मंडळीत कोणत्या दिवशी आला हे वही सांगते. त्यानंतर त्याच्या मनाचे काय झाले, हे ती सांगत नाही. आणि धर्माच्या इतिहासात खरा प्रश्न तोच असतो.

या विषयाकडे महाराष्ट्रात दोन बाजूंनी पाहिले गेले. मिशनऱ्यांनी आपल्या अहवालांत आकडे मांडून मंडळी वाढली असे परदेशातील देणगीदारांना कळविले. टीकाकारांनी तेच आकडे घेऊन हे लोक पोटासाठी ख्रिस्ती झाले असा निवाडा दिला. एकाने आकड्याचा अभिमान धरला, दुसऱ्याने त्याची हेटाळणी केली; पण दोघांनीही आकड्यालाच साक्षीदार मानले. आम्ही येथे नगर जिल्ह्यातील मराठी मंडळीचे उदाहरण मुख्यतः घेणार आहोत आणि या साक्षीदाराची थोडी उलटतपासणी करणार आहोत.

अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांनी मराठी शिकून घेतले, शाळा काढल्या, छापखाना घातला. १८२६ पर्यंत नवा करार मराठीत छापून झाला. एवढ्या खटाटोपाच्या मानाने बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले. १८३१ च्या अखेरीस मिशनने अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाणे घातले आणि १८३३ साली तेथे मंडळी स्थापन झाली. सिंथिया फॅरार या बाईंच्या मुलींच्या शाळा येथल्याच. त्या पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात स्त्रीशिक्षणाच्या विचाराने मूळ धरले. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही येथूनच निघू लागले. मंडळीची संख्या अल्प असताना तिचा समाजावरील परिणाम असा दूरवर पोहोचत होता, हे प्रथम ध्यानात ठेवावयास हवे.

१८५४ साल या इतिहासात महत्त्वाचे आहे. मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. देशी मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसार आपण करावा, हे त्यांचे सूत्र होते. त्यांच्या धोरणापायी इंग्रजी शाळांवर कुऱ्हाड आली आणि त्याबद्दल त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. तो दोष अगदीच अस्थानी आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्याच साली हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी गृहस्थांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. दोघेही जन्माने ब्राह्मण, आणि ज्या समाजाची सेवा त्यांनी पत्करली त्यात महार समाजातून आलेल्यांची संख्या वाढत चालली होती. गावच्या चावडीवर ज्याची सावली टाळली जात असे, त्याच्याबरोबर एकाच प्रभुभोजनाला बसावयाचे, त्याच्या घरच्या मर्तिकाला जावयाचे, त्याच्या लेकराला हातांत घ्यावयाचे, हे पाळकाचे नित्यकर्म होते. त्या काळी ही लहानसहान गोष्ट नव्हती. वहीत मात्र तिच्यासाठी रकाना नाही.

पुढे दुष्काळ आले. १८७६ ते ७८ चा, मग १८९६-९७ चा, आणि लगोलग १८९९-१९०० चा. या वर्षांत अन्न, काम आणि अनाथ मुलांना आसरा देणाऱ्या संस्थांत मिशने पुढे होती, आणि दुष्काळामागून मंडळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. पोटासाठी धर्म सोडल्याचा आरोप येथूनच बळावला. तो नुसता झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भुकेलेल्याला जो भाकरी देतो त्याचा देव भुकेलेल्याला खरा वाटू लागला, तर त्यात लबाडी कोणाची? आणि वर्षानुवर्षे गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाने दुष्काळात पहिल्यांदा माणुसकीचा हात पाहिला, तर त्याने तो धरावयाचा नाही काय? तरीही अशा वेळी दिलेला बाप्तिस्मा संशयास्पद ठरतो, ही गोष्ट खुद्द काही मिशनऱ्यांनाही कळत होती.

या बाबतीत नगरच्या बाहेरचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. तेलुगू मुलखात ओंगोल येथे जॉन क्लॉ या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याने १८७७ च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैलांच्या खोदाईचे कंत्राट घेतले आणि मादिगा समाजातील हजारो उपाशी माणसांना मजुरी मिळवून दिली. बाप्तिस्मा मागणारे रोज येत होते. मदतीचे काम चालू आहे तोवर कोणालाही बाप्तिस्मा द्यावयाचा नाही, असे त्याने ठरविले आणि वर्षाहून अधिक काळ हा निश्चय पाळला. दुष्काळ सरला, मदत थांबली, आता देण्यासारखे आपल्यापाशी काही उरले नाही असे लोकांना सांगण्यात आले. तरी ते आले. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. हा आकडा मिशनच्या साहित्यात पराक्रम म्हणून पुनःपुन्हा छापला गेला. आम्हांस त्या आकड्यापेक्षा त्याच्या आधीचे रिकामे महिने अधिक मोलाचे वाटतात.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. दुष्काळातून वाचविलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यास केडगावइतके चांगले ठिकाण नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतून निराधार मुली आणल्या. केडगावची 'मुक्ती' त्यातूनच वाढली. रमाबाईंचा स्वतःचा प्रवास आमच्या विषयावर लख्ख प्रकाश टाकतो. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो अनुभव आला त्याला आणखी आठ वर्षे लागली. बाप्तिस्म्याच्या वहीतील तारीख आणि मनातील तारीख यांत आठ वर्षांचे अंतर! संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या विदुषीला जर एवढा अवधी लागला, तर दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीला तो लागू नये असे आपण का म्हणावे?

तो अवधी त्या मुलींनाही मिळाला. १९०५ च्या जूनअखेरीस केडगावात प्रार्थनेची जी लाट उसळली तिला ख्रिस्ती लोक 'संजीवन' म्हणतात. रडणे, पापांची कबुली, रात्रभर चाललेल्या मोठ्याने केलेल्या प्रार्थना, हे सारे त्यात होते. अशा भावनावेगाकडे इतिहासकाराने थोडे सावधपणे पाहावे हे खरे. परंतु त्यानंतर या मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगण्यास जाऊ लागल्या, आणि रमाबाईंनी हाती घेतलेल्या मराठी बायबलाच्या भाषांतराचे खिळे त्यांतल्याच कित्येकींनी जुळविले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि बायबल १९२४ साली बाहेर पडले. केडगावच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्या अनुभवावर लिहिलेले पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिली देशातील एका मिशनरी दांपत्याच्या हाती पडले आणि १९०९ च्या तेथील चळवळीस ते एक निमित्त झाले. भाकरीसाठी आलेल्या म्हणून ज्यांना हिणविले गेले, त्यांच्या प्रार्थनेचा पडसाद असा समुद्रापलीकडे उठला.

याच काळात मंडळीच्या वाढीला दुसरीही एक दिशा मिळाली, ती भाषेची. परक्या चालीवर बसविलेली गीते गाणारा समाज बाहेरून वाढेल. आतून वाढण्यासाठी त्याला आपला गळा सापडावा लागतो. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला होताच. नारायण वामन टिळकांनी तो गळा मोकळा केला. टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तोही हट्टाने एका मराठी पाळकाकडून. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या अभंगांनी आणि भजनांनी मराठी उपासनेला जे रूप दिले ते आजही टिकून आहे.

टिळकांच्या घरातच वाढीचे दुसरे चित्र दिसते. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० साली. मधली वर्षे त्यांनी आपले सोवळे सांभाळीत काढली, आणि जातिभेद मनातून सुटला तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्म्याच्या आधीच. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस हे सांगावयास नको. येथे वाढ आधी आणि वहीतील नोंद मागून, असा क्रम झाला.

पुलाचा हा दाखला आठवण्याचे आणखी एक कारण आहे. १८९७ साली दमोह येथे जन्मलेले आणि मध्य प्रांतात मिशनरी म्हणून राबलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९५५ साली 'देवाचे पूल' या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. मंडळीच्या वाढीचे स्वतंत्र शास्त्रच त्यातून निघाले आणि जगभर शिकविले जाऊ लागले. त्यांचा पूल नात्यागोत्याचा आहे. माणसे सोयऱ्याधायऱ्यांच्या मागोमाग येतात. त्यांना जात ओलांडावयास लावू नये, म्हणजे मंडळी लवकर वाढते, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. हे निरीक्षण म्हणून खोटे नाही. नगर जिल्ह्यात महारवाड्यांतून मंडळी पसरली ती अशाच सोयरिकींच्या वाटेने. परंतु निरीक्षण आणि ध्येय यांत फरक करावा लागतो. पूल ओलांडण्यासाठी असतो, त्यावर बिऱ्हाड करण्यासाठी नव्हे. जेथे मंडळी एकाच जातीची होऊन बसली, जेथे सोयरीक जुळविताना आणि बसावयाच्या जागेपासून दफनभूमीपर्यंत जुनीच जात विचारली गेली, तेथे संख्या कितीही वाढो, सत्त्व वाढले असे आम्ही म्हणणार नाही.

ही टीका बाहेरचीच आहे असे नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली तेव्हा अनेक ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या आशा पालवल्या होत्या. आंबेडकरांनी ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीची कसून तपासणी केली. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात ख्रिस्ती समाजातील जातिभेदावर आणि धर्मांतरितांच्या सामाजिक हक्कांविषयीच्या उदासीनतेवर कठोर ताशेरे आहेत. १९५६ साली नागपुरास त्यांनी बुद्धाचा मार्ग पत्करला. मंडळीच्या इतिहासात याची नोंद 'न आलेल्यांची नोंद' म्हणून व्हावयास हवी. कोण आले एवढेच मोजणाऱ्याला कोण का आले नाहीत हे कळत नाही.

टिळकांच्या अखेरच्या पर्वाकडेही याच नजरेने पाहावे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत अशी कल्पना होती. १९१९ साली टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. पगारी वहीच्या हिशेबाने मिशनचा एक माणूस कमी झाला. पण अँडरसनने १८५४ साली कागदावर मांडलेले स्वावलंबन जर कोणी मनापासून खरे करून पाहिले असेल, तर ते या माणसाने.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९२४ साली या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्या तिच्या अंग झाल्या. परदेशी पैसा आटला, परदेशी माणसे परतली. मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली की लंगडली, याचे उत्तर प्रत्येक गावी निराळे मिळेल.

पण पोटासाठी ख्रिस्ती झाल्याच्या आरोपाचे एक उत्तर इतिहासाने आपोआप दिले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. १९५६ साली त्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाल्या. ख्रिस्त्यांना या दोन्ही वेळी वगळण्यात आले. म्हणजे दुष्काळात ज्या नावाने भाकरी मिळाली, त्याच नावाने पुढे शिष्यवृत्ती आणि नोकरीतील राखीव जागा गेल्या. काहींनी कागदावर एक आणि घरात एक असा मार्ग काढला. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे; लेकरांच्या शिक्षणाचा प्रश्न समोर असताना तो निर्णय करणे सोपे नव्हते. काहींनी मात्र तोटा सोसून नाव राखले. पणजोबा भुकेपोटी आला असेलही. पणतू तोट्यात राहून का थांबला, याचा जबाब आरोप करणाऱ्यांनी द्यावयाचा आहे.

यात एक चमत्कारिक उलटापालट आहे. दुष्काळाच्या वर्षांत वही मनाच्या पुढे धावली होती, माणसे आधी नोंदली गेली आणि मने मागून आली. १९५० नंतर कित्येक ठिकाणी मन होते तेथेच राहिले आणि वही मागे पडली. दोन्ही वेळा वहीवर विसंबणारा फसला.

तेव्हा मंडळीची वाढ मोजावयाची असल्यास आम्ही तीन साधे प्रश्न सुचवितो. ती स्वतःच्या कमाईतून आपला पाळक पोसते काय? ती स्वतःच्या भाषेत रडते आणि गाते काय? आणि तिच्या पंक्तीला बसताना कोणी जात विचारीत नाही ना? हे प्रश्न ख्रिस्ती मंडळ्यांपुरतेच आहेत असे मात्र कोणी समजू नये. अनुयायी मोजण्याचा मोह महाराष्ट्रातील कोणत्या पंथाला आणि कोणत्या समाजाला सुटला आहे? ज्याने त्याने आपली वही मिटून हे प्रश्न आपल्या घरी विचारून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.