वतन आणि मान

धंद्यावरून माणसाचा मान ठरतो, हें आपण इतक्या सहज बोलतों कीं, त्याचा अधिक विचार करण्याची गरजच आपणांस भासत नाहीं. परंतु, श्रोतेहो, आपल्या जुन्या गांवगाड्याचा हिशेब मांडूं लागलें म्हणजे तो सरळ जुळत नाहीं. पाटलाचें वतन, कुलकर्ण्याचें वतन, तसें महाराचेंही वतनच. तिघांचाही हक्क वंशपरंपरेचा. पैकीं पाटलास होळीपोळ्याचा पहिला मान; कुलकर्ण्याचा हुद्दा आडनांव होऊन आजही शहरांतील दारांवर मिरवतो; आणि तिसऱ्यास गांवकुसाबाहेरची वस्ती.

त्याचें काम हलकें होतें म्हणावें काय? शिवेचा तंटा निघाला कीं महाराची साक्ष महत्त्वाची मानीत. वसुलाची रक्कम ठाण्यांत पोंचविणें, रात्रीं गस्त घालणें, सरकारी कागद पुढच्या गांवीं नेणें, हीं कामें त्याचींच. गांवाची हद्द आणि गांवाचा पैसा ज्याच्या भरंवशावर, त्याचाच गांवास विटाळ! मेलेलें जनावर ओढण्याचें काम तेवढें लोकांनीं ध्यानांत ठेविलें आणि बाकीचीं सोयीस्करपणें विसरले, असें मला वाटतें.

खरी मेख होती ती चाकरीच्या अटींत. सुतार-लोहारांसही खळ्यावर धान्याचेंच बलुतें मिळे; पण नांगर दुरुस्त झाला कीं त्यांचें काम सरलें. महारकीस वेळेची मर्यादा नव्हती. हाडकी-हाडोळ्याच्या जमिनीचा तुकडा भावकींत वांटून वांटून वीतभर उरलेला, आणि त्याच्यापायीं सारें कुटुंब हुकुमाचें बांधलेलें. १८७४ च्या वतन कायद्यानें या चाकरीवर सरकारी शिक्काही बसला.

यांतून सुटण्याची एक वाट पलटणीची होती. मुंबई फौजेंत महार शिपाई पुष्कळ असत. तेथें पगार रोख, काम नेमलेलें, आणि शिकण्याची सोय. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदारीपर्यंत चढले व लष्करी शाळेंत शिक्षक झाले. अर्थात् गणवेष उतरवून गांवीं परतलें कीं विटाळ वेशींत उभा असेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भरतीही बंद पडली; तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनीं १८९४ सालीं अर्ज तयार केला.

१९२८ सालीं आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. बलुत्याऐवजीं रोख मोबदला मिळावा, आणि ज्यास चाकरी नको असेल त्यानें सारा भरून जमीन राखावी व मोकळें व्हावें, अशी त्यांतील योजना होती. ज्यांची भाकरी त्या बलुत्यावरच होती, त्यांस वतन सोडण्याची भीति वाटणें स्वाभाविक होतें. तिला भ्याडपणा म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्यांस नाहीं. पुढें विधेयक मागें घ्यावें लागलें. कनिष्ठ गांव-वतनें रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत झाला तो १९५८ सालीं. तोंवर त्या विधेयकास तीस वर्षें लोटलीं होतीं.