आठशेचं शेवटचं व्हर्जन

आमच्या बाबांची मारुती ८०० होती ९४ सालची. थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरूच व्हायची नाही! पहिली ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये, चौकोनी. १९८६ ला बॉडी बदलली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन मात्र शेवटपर्यंत राहिलं. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, २००० च्या सुमारास कार्बुरेटर जाऊन एमपीएफआय आलं, चोक गेला. २०१० मध्ये भारत स्टेज ४ आलं आणि मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत विक्रीच थांबली. जानेवारी २०१४ ला उत्पादन बंद.

"जुनं मॉडेल आहे, विकून टाका," असं मीच बाबांना म्हटलं होतं. गाडी गेली त्या रात्री ते जेवले नाहीत. आता रोज दुसऱ्याचा जुना कोड सांभाळतो, तेव्हा कळतं: इतकी वर्षं चालणं हेच केवढं मोठं फीचर आहे!